दाखला देते, पण आधी ऐक

दाखला मिळेल गं, त्याची काळजी करू नको. शेतकरी असल्याचा दाखला म्हणजे आमच्या सेतू केंद्रातलं रोजचंच काम. सकाळी शटर वर केलं की पहिला माणूस सातबारा मागतो, दुसरा आठ-अ, तिसरा उत्पन्नाचा दाखला, आणि चौथा नुसता पंख्याखाली बसायला येतो. त्यात तुझा एक कागद काही जड नाही. पण परवा जावईबापू पुण्याहून फोनवर एका दमात बोलून गेले, "ताई, किन्हीराजाच्या वावरावर हिचं नाव तेवढं लावून घ्या, पवना धरणाच्या काठी जागा बघितलीये." त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. तुझं नाव लागणं ही एक आणि पवनेकाठी जमीन घेणं ही दुसरी. फोन स्पीकरवर होता म्हणून मी नुसतं हो-हो केलं. आता तुझ्याशी एकटीशी बोलते.

नावाचं आधी सांगते, कारण ते माझ्या जास्त जिव्हाळ्याचं आहे. बाबांचं वावर अजून बाबांच्याच नावावर आहे. भाऊ म्हणतो, सवडीनं करू. त्याच्या मनात काही वाईट नाही, पण सवड या गोष्टीला अंत नसतो. वारस नोंदीला मृत्यूचा दाखला लागतो, वारसांची यादी लागते, फेरफार निघतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागते आणि मग नोंद मंजूर होते. त्यात आईचं नाव येतं, भावाचं येतं आणि आपल्या दोघींचंही येतं. हे कुणाच्या मेहेरबानीवर नाही. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हिस्सा 1994 सालीच दिला, केंद्राचा कायदा 2005 साली आला, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की हा हक्क मुलीला जन्मानं मिळतो, केंद्राचा कायदा आला तेव्हा बाप हयात होता की नव्हता हा प्रश्नच नाही.

तरी आपल्याकडे बाया गप्प बसतात. वाटा मागितला तर माहेर तुटेल, राखीला कोण बोलावेल, ही धास्ती असते. मी तर उलटंच पाहिलंय. समृद्धी महामार्गाला जमिनी जायला लागल्या ना, आपल्या वाशीम जिल्ह्यातून जवळपास 97 किलोमीटर गेलाय तो, तेव्हा एकेका भावाला अचानक बहिणी आठवल्या. ज्या बहिणीला वर्षानुवर्षं दिवाळीचा फोन नव्हता, तिला गाडी पाठवून बोलावणं आलं. साडी, चोळी, पुरणपोळी आणि जेवण झाल्यावर हक्कसोडपत्र. काहींनी हसत सह्या केल्या, काहींनी आपला मोबदला मोजून घेतला. मोबदला घेतलेल्यांचं माहेर तुटलं म्हणावं तर तसंही नाही, त्यांच्या भावांकडच्या लग्नात त्या पुढच्याच रांगेत बसलेल्या असतात. नागपूर ते शिर्डी रस्ता 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, पैसा त्याच्या आधीच येऊन गेला होता, आणि कुणाच्या घरात राहिला नि कुणाच्या दारात नुसती जीप उभी राहिली हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक आहे.

तर तुझं नाव लागायलाच पाहिजे. प्लॉटसाठी नव्हे, तू बाबांची मुलगी आहेस म्हणून. पवनेचा बेत उद्या मोडला तरी ही नोंद थांबवायची नाही. भावाशी मी बोलते. आईला बरं वाटेल, ती बोलून दाखवणार नाही.

आता जागेकडे येऊ. जावईबापूंना एक साधा प्रश्न विचार, अगदी चहा देता देता विचार. जागा एनए असेल तर शेतकऱ्याचा दाखला कशाला लागतो? बिगरशेती झालेला प्लॉट कुणीही घेऊ शकतं, शेतकरी असो की बँकेतला साहेब. महाराष्ट्रात दाखला लागतो तो शेतजमीन घ्यायला, कारण शेतकरी नसलेल्या माणसाला ती जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. तिकडे 1948 चा कूळ कायदा लागू आहे, आपल्या विदर्भात 1958 चा, पण गोम तीच. म्हणजे दलाल जाहिरातीत "बंगलो प्लॉट" म्हणतोय आणि कागदावर तुम्हाला भातखाचर विकतोय. दाखला मागितला यातच सगळं आलं.

भातखाचर घेऊन त्यावर बंगला बांधायचा म्हटलं तर पुढचा घोळ बघ. शेतीच्या पट्ट्यात फार्महाऊसला परवानगी मिळते, पण त्याला साधारण 40 आर, म्हणजे जवळजवळ एक एकर सलग जमीन लागते, आणि बांधकामही मर्यादेतच करावं लागतं. तुम्हाला दाखवलेत किती गुंठे? पाच? आपल्याकडे वावराचा हिशेब एकरानं होतो म्हणून तुला कदाचित पटकन लक्षात येणार नाही, एकरात 40 गुंठे असतात आणि गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. पाच गुंठे म्हणजे आपल्या वावराच्या धुऱ्यालगतचा एक कोपरा. एवढासा तुकडा शेती म्हणून विकताच येत नाही. 2023 साली सरकारनं जिरायतीला किमान 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे अशी मर्यादा ठरवली. त्याहून लहान तुकड्याचं खरेदीखत सहसा नोंदवलं जात नाही, मग दलाल वाट काढतात: चार-पाच अनोळखी माणसं एकत्र करायची, सगळ्यांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवायची, आणि जागेवर चुन्याच्या रेषा मारून "हा तुमचा, हा त्यांचा" असं सांगायचं. सातबाऱ्याला ती चुन्याची रेषा दिसत नाही. उद्या त्यातल्या एकानं कर्ज काढलं किंवा एकजण वारला आणि त्याची पोरं भांडली, तर तुमची सही सगळ्यांच्या सह्यांना बांधलेली.

2025 मध्ये सरकारनं शहरांलगतच्या आणि नियोजनाखालच्या भागातल्या लहान तुकड्यांना सवलत द्यायचं जाहीर केलं. दलाल तेच कात्रण मोबाईलवर दाखवेल. त्याला म्हणावं, कात्रण नको, या गट नंबराला ती लागू आहे असं लिहिलेला कागद दे. तिकडे मावळात बांधकामाची परवानगी पीएमआरडीएकडून येते, ग्रामपंचायतीचा घरटॅक्स भरल्यानं घर अधिकृत होत नाही. आणि मोठं लेआउट असेल, म्हणजे 500 चौरस मीटरच्या वर आणि आठाहून जास्त प्लॉट, तर महारेराचा नंबर हवाच. तो नंबर वेबसाइटवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

आणखी एक, हे फक्त तुझ्यापुरतं. दाखला तुझ्या नावाचा असेल तर खरेदीही तुझ्याच नावावर व्हायला पाहिजे. तुझ्या बापाच्या वावरानं तू शेतकरी ठरलीस, जावईबापू नाही ठरले. "आधी हिच्या नावानं घेऊ, मग माझ्याकडे फिरवून घेऊ" किंवा "हिचं कुलमुखत्यारपत्र करून ठेवू" असं काही निघालं तर तिथेच थांब. ते माणूस म्हणून सोन्यासारखे आहेत, माझं काही म्हणणं नाही. पण चांगल्या माणसाच्या घरातसुद्धा कागद बायकोच्या नावावर असावा. (स्टँप ड्युटीत बायकांना एक टक्का सवलत आहे असंही कुणी सांगेल. ती 2021 पासून राहत्या घराला आहे, शेतजमिनीला नाही.)

आता त्या पाण्याबद्दल. फोटो मी बघितले, तू पाठवलेले. तुंग किल्ल्याचा सुळका मागे, खाली निळंशार पाणी, काठाला गवत. मन भुलतंच. पण तो फोटो सप्टेंबर-ऑक्टोबरचा आहे हे मी इथे बसून सांगते. पवना काही निसर्गानं केलेलं तळं नाही, ते धरण आहे, साडेआठ टीएमसीचं, आणि पिंपरी-चिंचवडच्या नळाला पाणी देण्यासाठी ते रोज रिकामं होत असतं. मे महिन्यात जा. पाणी दूर गेलेलं, मधे भेगाळलेला गाळ, आणि तुमच्या "लेक व्ह्यू"ला तापलेला चिखल. काठाची जी पट्टी पाणी ओसरल्यावर उघडी पडते तीही तुमची नाही, ती संपादित झालेली सरकारी जमीन आहे, आणि संपादनाची हद्द पाण्याच्या कडेला नाही, त्याच्या बरीच वर असू शकते. जागा घेताना मोजणी खात्याचा नकाशा आणि जलसंपदा खात्याची हद्द एकावर एक ठेवून बघितल्याशिवाय "काठापर्यंत आपलंच" या बोलण्याला काही किंमत नाही. शेजारचं मुळशीचं, वळवणचं तळं तर टाटांच्या वीज कंपनीचं.

आणि प्यायचं पाणी? डोळ्यांसमोर एवढा साठा असून वरच्या वाड्यांना एप्रिलमध्ये टँकरची वाट बघावी लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे काही उगाच नाही म्हणत. कातळावर बोअर मारलं तर लागेलच असं नाही. पाण्याचं पक्कं झाल्याशिवाय बाकीचं बोलूच नये.

ते पाणी तिथे कसं आलं हेही माहीत असू दे, कारण तुझे शेजारी तेच लोक असणार. शेजारी मुळशीचं धरण टाटा बांधत होते तेव्हा 1921 साली मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट पुढारी होते, बायाबापड्या तुरुंगात गेल्या, आणि धरण झालंच. पवनेच्या धरणानं उठवलेल्यांचा पर्यायी जमिनीचा प्रश्न पन्नास वर्षं झाली तरी पुरता मिटलेला नाही. 9 ऑगस्ट 2011 ला, पवनेचं पाणी बंद नळानं शहराकडे न्यायला विरोध करत शेतकऱ्यांनी बऊरजवळ द्रुतगती मार्ग अडवला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तिघं गेले, त्यातली एक बाई होती. शहरातून आलेल्या माणसाकडे तिथली म्हातारी माणसं जरा थांबून बघतात ते यामुळे. यात त्यांचं काय चुकलं?

आपल्या समृद्धीच्या वेळेस ज्यांनी जमीन दिली त्यांना निदान तिचा रस्ता झालेला दिसतो. तिथे ज्यानं जमीन विकली तो त्याच जमिनीवरच्या बंगल्याचा वॉचमन होतो. त्याचा बाप जिथे इंद्रायणी भात लावायचा तिथे तो लॉनला पाणी मारतो आणि शनिवारी रात्री साहेब आले की चुलीवरची कोंबडी करून वाढतो. काही गावांतल्या बायांनी मात्र चांगलं डोकं चालवलंय. बचत गटातून पिठलं-भाकरी, खोल्या, तंबू, पार्किंग, सगळं स्वतःच्या हातात ठेवलंय. जमीन विकली नाही, रात्रीच्या हिशेबानं भाड्यानं दिली. त्यांच्याकडे पैसा दर हंगामात येतो. कटकटीही आहेत म्हणा. रात्रभर डीजे, बाटल्यांच्या काचा खाचरात, लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात उतरणारी पोरं. दर पावसाळ्यात बुडाल्याच्या बातम्या असतात. तुमच्या शेजारच्या तुकड्यावर उद्या कॅम्पिंग सुरू झालं तर शांतता शोधायला तुम्हाला परत पुण्यातच यावं लागेल.

जागा बघायला जाल तेव्हा दलालाच्या गाडीतून जाऊ नका. स्वतःच्या गाडीनं जा, सुट्टी सोडून मधल्या वारी जा, आणि एकदा मे महिन्यात तर एकदा जुलैच्या धो-धो पावसात जा. आपल्याकडे अख्ख्या वर्षात जेवढा पडतो तेवढा तिकडे घाटमाथ्यावर कधी कधी एका आठवड्यात कोसळतो. छत गळतं, भिंतींना शेवाळ धरतं, गादीला बुरशी येते. तू दम्याची आहेस, हे त्या दलालाला माहीत नाही, जावईबापूंना आहे. हापशावर किंवा विहिरीवर बाया असतील त्यांच्याशी तू बोल, पुरुषांना नको पाठवू. लाइट किती दिवस जाते, रात्री दवाखान्याला कुठे जावं लागतं, ही जमीन आधी कुणाची होती आणि त्या घरात आता कोण भांडतंय, हे सगळं तुला तिथे पाच मिनिटांत कळेल.

डोंगर कापून केलेली जागा असेल तर बघूसुद्धा नको, हे मी मोठी बहीण म्हणून सांगते. 30 जुलै 2014 ला पहाटे माळीण गाव गेलं, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, दीडशेच्या वर माणसं ढिगाऱ्याखाली. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी गेली. ही गावं गरिबांची, पिढ्यान् पिढ्या तिथेच राहणाऱ्यांची. आता त्याच सह्याद्रीत जेसीबीनं उतार कापून पायऱ्या-पायऱ्यांचे प्लॉट पाडतात. कापलेल्या उताराच्या वर काय आहे आणि ओढा कुठून वळवलाय, एवढं बघायला इंजिनीअर लागत नाही.

मोठ्या नावावरही भुलू नका. वरसगावच्या पाण्याकाठी लवासा उभं राहिलं तेव्हा किती कौतुक झालं होतं. 2010 च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण खात्यानं काम थांबवायला लावलं, 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेली, आणि पैसे गुंतवलेली माणसं वर्षानुवर्षं फेऱ्या मारत बसली. मधे तापोळ्याकडची जागा निघाली होती ना तुमच्याकडे? कोयनेच्या शिवसागराकाठची? तिकडे आणखी वेगळे नियम. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, खाली कोयना अभयारण्य, म्हणजे झाड तोडायचं तरी परवानगी. 2024 मध्ये त्याच खोऱ्यातल्या झाडाणी गावची शेकडो एकर जमीन बाहेरच्यांनी घेतल्याचं प्रकरण पेपरांत गाजलं. कमाल जमीन धारणेचा कायदा मोडला म्हणून चौकशी लागली.

कागद बघायची वेळ आलीच तर सातबारा मला पाठव, मी वाचून सांगते. तू फक्त दोन जागा बघ. भोगवटादार वर्ग 2 लिहिलंय का, कारण धरणग्रस्तांना किंवा भूमिहीनांना मिळालेली जमीन तशी असते आणि परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि "इतर हक्क"मध्ये कूळ, बोजा, कोर्टाचा दावा, आदिवासी खातेदार असं काही आहे का. ठाकर-कातकऱ्यांची जमीन बिगर आदिवासीला अशी घेताच येत नाही, आणि येत असती तरी तू घेऊ नकोस. तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या, दलालाच्या वकिलाकडून नाही. रस्ता नकाशावर आहे का तेही बघा. आपल्याकडे पांदणीवरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले मी रोज बघते. तिकडे तर कुणाच्या तरी खाचरातून गाडी जाते आणि तो माणूस एके दिवशी बांध घालतो.

आपल्या इकडे बघ कशी गंमत. सोनल प्रकल्प आहे, वाशीमला पाणी देणारा एकबुर्जी आहे, गावोगाव पाझर तलाव आहेत, कितीतरी तर 72 च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून बांधलेले. एकाच्याही काठाला कुणी प्लॉटची पाटी लावलेली नाही. उन्हाळ्यात तलाव आटला की आपल्याकडे आनंदच होतो, ट्रॅक्टर लागतात आणि त्यातला गाळ वावरात जातो. भाऊनं टाकला तेव्हा पुढच्या सालची तूर तू पाहिलीस. त्या वावरात तुझाही हिस्सा आहे, आणि ते पवनेकाठच्या पाच गुंठ्यांपेक्षा मोठं आहे, पक्क्या कागदाचं आहे. त्याचा फोटो चांगला येत नाही, एवढंच.

माझं मत विचारशील तर जागा घेऊ नका. वर्षातून दोन-तीनदा तिकडे जा, एखाद्या बचत गटाच्या बाईकडे खोली घ्या, तिच्या हातचं खा, तिला रोख पैसे द्या, पाणी भरलेलं असेल तेव्हा डोळे भरून बघा आणि आटलं की पुण्यात या. बंगल्याचा हप्ता, वॉचमनचा पगार, बुरशी, सामाईक सातबाऱ्यावरचे चार अनोळखी, यातलं काही तुमच्या डोक्याला नको. तरीही जावईबापूंचा हट्टच असेल तर खरी एनए जागा बघा, पूर्ण परवानगीची, आणि तुझ्या नावावर. तेव्हा दाखल्याचा प्रश्नच येणार नाही.

वारस नोंदीसाठी बाबांचा मृत्यूचा दाखला आणि तुझं आधार कार्ड मला आजच व्हॉट्सअ‍ॅप कर, या आठवड्यात अर्ज टाकून देते. आणि तोवर त्या दलालाला इसार म्हणून एक रुपयाही द्यायचा नाही.